दक्षिणेकडचं दार

आमच्या कॉलनीत कुणी गेलं की पहिला फोन डॉक्टरांना आणि दुसरा राऊळकाकांना जायचा. घाईत कधी हा क्रम उलटाही व्हायचा. एकदा गोखले आजींच्या वेळी तसं झालं. काका आले, आजींचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "अरे, आहेत अजून. डॉक्टरला बोलवा आधी." त्यानंतर आजी कितीतरी वर्षं धडधाकट जगल्या. पण रस्त्यात काका समोरून येताना दिसले की पिशवी सावरत पलीकडच्या बाजूला जायच्या. काकांना ते कळायचं. ते मुद्दाम थांबून, हात जोडून म्हणायचे, "घाबरू नका आजी, मी भाजी घ्यायला चाललोय."

घाटकोपरला रेल्वेच्या पूर्वेला आमची कॉलनी. जुन्या चार मजली बिल्डिंगी, मधे मैदान, मैदानाच्या कडेला गणपतीचा कायमचा मांडव. राऊळकाका तळमजल्यावर कोपऱ्यातल्या घरात राहायचे. उंच, काळे, रुंद खांद्यांचे, बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. कांजूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, पुढे निवृत्त झाले. चालणं संथ. घाईत चाललेले राऊळकाका कुणी पाहिलेले नाहीत आणि उशिरा पोचलेले राऊळकाकाही कुणी पाहिलेले नाहीत. पोरं त्यांना यमकाका म्हणायची. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि काका 'ओ' द्यायचे.

मयताच्या घरी ते आले की आधी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. चपला काढायचे आणि विचारायचे, "नाव सांगा." गेलेला माणूस त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला असला तरी हे विचारायचेच. घरातल्या कुणीतरी पूर्ण नाव सांगायचं, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. ते सांगतानाच बहुतेकांना पहिलं रडू फुटायचं. मग काका आत यायचे. मी एकदा विचारलं, हे कशाला? माहीत असतं की तुम्हाला. म्हणाले, "आता सगळे बॉडी बॉडी करूक लागतले गो. बॉडी कधी आणणार, बॉडी कुठे ठेवली. आपण तरी नावानं बोलू या." शेवटपर्यंत ते नावानंच बोलायचे. सदाभाऊंना जरा डावीकडे घ्या. कमलताईंची मान सांभाळा. खांदेकऱ्यांना असं बोलताना ऐकलं की वाटायचं, कमलताई आताच डोळे उघडून म्हणतील, बास रे, ठीक आहे.

रडणाऱ्या माणसाला ते 'मन घट्ट कर' असं कधी म्हणाले नाहीत. 'देवाची इच्छा' वगैरे तर मुळीच नाही. कोपराला धरून बाजूला बसवायचे आणि एवढंच म्हणायचे, "रात्र जाऊ दे एक." माझे वडील गेले तेव्हा मलाही तेच म्हणाले आणि मी चिडले. रात्र गेल्याने काय होणार आहे? तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांना गावच्या कुणा म्हाताऱ्या भटजींनी सांगितलेली.

यम म्हणजे मुळात माणूस, काका म्हणाले. सगळ्यांत पहिला मेलेला माणूस. त्याच्या आधी कुणी मेलंच नव्हतं, त्यामुळे पलीकडची वाट कुणालाच माहीत नव्हती. तो एकटा गेला, वाट शोधली आणि मागून येणाऱ्यांसाठी तिथे थांबला. म्हणून तो तिथला राजा. त्याला एक बहीण होती, जुळी, यमी. तो गेला आणि ती रडत बसली. देव समजवायला आले. विचारलं, कधी गेला? ती म्हणाली, आज गेला. परत आले, परत विचारलं. आज गेला. कारण तेव्हा रात्र नव्हतीच. नुसता दिवस, संपतच नसे, मग काल कुठून येणार? देवांना कळलं, ही अशी विसरायची नाही. म्हणून त्यांनी तिच्यासाठी रात्र केली. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, काल गेला.

"तेवढ्यासाठी आसा ती रात्र," काका म्हणाले. मला बरं वाटलं असं नाही म्हणणार, पण चिडायचं राहिलं.

यमाचं हे वेड त्यांना नाटकापासूनचं की त्या आधीपासूनचं, ते सांगता येणार नाही. मी कॉलेजात असताना कॉलनीच्या गणपतीत 'सत्यवान-सावित्री' बसवलं होतं. सावित्री मी, आणि यम अर्थातच राऊळकाका. नाटक बसवणाऱ्या मुलांनी ग्रँट रोडहून शिंगांचा टोप भाड्याने आणला होता. काकांनी तो हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि परत दिला. "शिंगं रेड्याला असतात रे. यमाला नाही." मग मुलं म्हणाली, एंट्रीला गडगडाटी हसा. त्यालाही नाही. "जो येणारच आहे तो ओरडेल कशाला? आणि हसेल तर कशाला हसेल?"

तालमीत ते आम्हाला एकेक वस्तू समजावून द्यायचे. रेडा का, तर त्याला घाई नसते. घोडा दिला असता तर लोक म्हणाले असते, वेळेआधी आला. हातातला दंड मारायचा नव्हे, न्यायाधीशाच्या हातातला असतो तसा. राजाला आणि भिकाऱ्याला एकच, म्हणून तर त्याला धर्मराज म्हणायचं. आणि पाश? तो प्रॉपर्टीवाल्या, म्हणजे नाटकाचं सामान बघणाऱ्या पोराने फाशीच्या गाठीसारखा बांधून आणला होता. काकांनी ती गाठ बसून सोडवली आणि सैल फास घातला, त्यातून माझं मनगट आत-बाहेर करून बघितलं. "गळफास नाय तो. दावं. संध्याकाळी गाय घरी आणतात ना, ते. लागता कामा नये." तिरडीच्या सुंभाच्या गाठीही ते तशाच मारायचे, हे मला पुढे दिसलं.

प्रयोगात लाल उपरणं घेतलेला हा उंच काळा माणूस मांडवाच्या एका टोकापासून सावकाश चालत यायचा आणि पहिल्या रांगेतली पोरं घाबरायच्या ऐवजी सरकून जागा द्यायची. तो पुढे, हातात दावं, आणि मी मागे. तीन वेळा वळून तो म्हणायचा, "मागे फिर, बाई. इथून पुढची वाट तुझी नाही." पहिल्या प्रयोगात तिसऱ्या वेळेला माझं वाक्य साफ उडालं. तोंड कोरडं, डोळ्यांपुढे नुसते ट्यूबलाइट. काका थांबले. घाई नव्हतीच त्यांना. मग यमाच्याच आवाजात, अगदी हळू म्हणाले, "काही मागायचं राहिलं का?" आणि मला सगळं आठवलं.

तेव्हापासून मी त्यांची सावित्री. माझं खरं नाव ते विसरले असावेत. माझं लग्नही समोरच्याच बिल्डिंगमध्ये झालं, म्हणजे मी सासरी गेले ती मैदान ओलांडून. त्यामुळे हाक मारायला मी कायम हाताशी होते.

त्यांच्या घराचं दार दक्षिणेला उघडायचं. सगळ्या बिल्डिंगीत तसं तेवढंच एक. ते घर आधी कुणी घेत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचं आपलं हवेशीर घर देऊन काकांनी ते अदलाबदलीत घेतलं. लोकांनी समजावलं, दक्षिणमुखी दार वाईट, यमाची दिशा. काका म्हणाले, "तो यायचाच आहे. त्याला दार शोधत कशाला फिरवू?" राऊळकाकू मात्र तेव्हा महिनाभर त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर त्यांची तुळस छान वाढली होती.

पण त्या दाराचा एक उपयोग सगळ्या बायकांना कळला. धनत्रयोदशीला संध्याकाळी यमासाठी कणकेचा दिवा लावतात, वात दक्षिणेकडे करून. वर्षभर दिव्याचं तोंड त्या दिशेला करायचं नाही, तेवढा एक दिवस करायचं. फ्लॅटमधल्या बाईला दक्षिण कुठली ते सापडेपर्यंत कणीक सुकते. त्यामुळे हळूहळू सगळ्याच आपले दिवे घेऊन राऊळांच्या दारी यायला लागल्या. पायरीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दिव्यांची रांग लागायची. काका स्टूल टाकून बसायचे आणि पोरांना यमाच्या गोष्टी सांगायचे. त्याचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे, जे वाट चुकलेल्यांना हुंगत हुंगत घेऊन येतात. त्याच्या दारी आलेला पाहुणा उपाशी राहिला म्हणून हात जोडणारा यम. सगळं सांगायचे. एक गोष्ट सोडून.

ती मलाही बरीच वर्षं लक्षात आली नाही. लक्षात आली ती भाऊबीजेमुळे. त्या दिवशी काका जेवायचे नाहीत. सबंध दिवस चहासुद्धा नाही. कुणी विचारलं तर, "मला बहीण नाही." आता बहीण नसलेला माणूस कॉलनीत काही एकटाच नव्हता. चुलत, मावस, मानलेली, कुणीतरी ओवाळतंच. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी मोठ्या उत्साहाने तबक घेऊन त्यांच्याकडे गेले. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "नको गो. मला ओवाळू नकोस," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. काकूंनी माझ्या तबकातला दिवा काढून देवापुढे ठेवला आणि लाडवाची बशी पुढे केली. मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

उलगडा झाला तो तावड्यांच्या घरी. तावडे आमच्या शेजारचे, तापट पण वाईट नाहीत. त्यांच्या प्राजक्ताने कांबळ्यांच्या सुहासशी कोर्टात जाऊन लग्न केलं. मुलगा बघण्यातला, चांगल्या नोकरीत. लहानपणी तावड्यांच्याच सोफ्यावर बसून मॅच बघायचा. पण लग्न म्हटल्यावर तावड्यांना तो एकदम परक्या जातीचा दिसायला लागला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तावडेवहिनी धावत माझ्याकडे आल्या. "चल ना गं, हे बघ काय करतायत. पोरीच्या नावाने आंघोळ करायला निघालेत."

हा प्रकार मी फक्त ऐकून होते. घराबाहेर पडलेल्या मुलीला मेलेली समजायचं. स्मशानातून आल्यावर करतात तशी डोक्यावरून गार पाण्याची आंघोळ करायची, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, ती वारली. मग तिचं नाव घरात घ्यायचं नाही. मी गेले तेव्हा न्हाणीघरात निळी बादली भरून ठेवलेली होती आणि तावड्यांनी राऊळकाकांना निरोप धाडला होता. त्यांना सगळं रीतसर हवं होतं आणि रीत काकांनाच माहीत.

काका आले. नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर थांबले, चपला काढल्या. "नाव सांगा."

तावडे म्हणाले, "प्राजक्ता." आणि मग त्यांना पुढचं येईना, कारण पुढचं नाव त्यांचं स्वतःचं होतं.

"कधी गेली?"

"माझ्यासाठी काल गेली."

"बॉडी कुठे आहे?" काका म्हणाले.

कुणाच्या दारात तो शब्द वापरताना मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. तावड्यांनी मान खाली घातली. काका आत आले, थेट न्हाणीघरात गेले, भरलेली बादली त्यांनी लादीवर उपडी केली आणि तिच्यावर बसले. पाणी आमच्या सगळ्यांच्या पायांखालून हॉलपर्यंत आलं. तावडे भडकले. "काका, उठा. हा माझ्या घरचा मामला आहे." त्यांनी काकांच्या दंडाला धरून ओढलं. आणि ज्या माणसाने आयुष्यात आवाज चढवला नव्हता तो ओरडला, "केलीय मी ती आंघोळ! माका सांगू नको!"

मग त्या उपड्या बादलीवर बसूनच त्यांनी सांगितलं, आवाज परत खाली आणून. धाकटी बहीण सुलू. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिथेच गोराईच्या फ्रान्सिसशी तिचं जमलं आणि तिने लग्न केलं, चर्चमध्ये. वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्याने आंघोळ होणार नाही, म्हणून त्यांनी मुलाला सांगितलं. "चाळीच्या नळावर. सगळे उभे. बाबा आतून बोलले, मोठ्याने म्हण. मी तांब्या डोक्यावर ओतला आणि म्हटलं, माझी बहीण वारली. सुलू दाराशी होती. कपडे न्यायला आली होती. मला वाटलं ती गेली असेल. तिने सगळं ऐकलं."

थोड्या वेळाने म्हणाले, "ते पाणी अजून अंगावर आहे, तावडे. पुसून जात नाही. तुम्हाला करायची तर करा, पण मी उठल्यावर. आणि मी काय आज उठत नाही."

आणि खरंच उठले नाहीत. वहिनींनी पोहे केले, ते तिथेच बसून खाल्ले. दुपारी तावडे जाऊन फरशी पुसायला लागले, तेव्हा काका उठले. सहा महिन्यांनी प्राजक्ता आणि सुहास त्या घरी जेवायला आले. अगदी हसतखेळत नाही, पण आले.

त्या दिवशी काकांच्या घरापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. विचारलं, सुलूआत्या आहे का? म्हणाले, "असेल. मी चौकशी केली नाही. मेलेल्या माणसाची चौकशी कोण करतो?" मग म्हणाले, "भीती वाटते गो सावित्री. विचारायला गेलो आणि ती खरंच गेलेली असली तर? एकदा मी मारली. परत एकदा कळायला नको."

मला वाटतं, एका जित्या माणसाला पोचवून आलेला हा मनुष्य पुढे आयुष्यभर मेलेल्यांना नीट, नावानिशी पोचवत राहिला. हे आपलं माझं मत. त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तसं काय नाय गो, कुणीतरी करूक व्हया.

त्या वर्षीची धनत्रयोदशी आली. दिव्यांची रांग लागली, पोरं जमली, काकांनी रेड्याची गोष्ट सांगितली, कुत्र्यांची सांगितली. संपल्यावर मी म्हटलं, "एक राहिली. मी सांगते." आणि सांगितली. यमाच्या त्या बहिणीलाच पुढे लोक यमुना म्हणायला लागले. ती त्याला सारखं घरी बोलवायची आणि त्याला कामातून सवड व्हायची नाही. शिवाय त्याला वाटायचं, आपल्यासारख्याला कोण दारात उभं करणार? पण एका दिवशी त्याने दावं खुंटीला टांगलं, दंड कोपऱ्यात ठेवला आणि तिच्याकडे जेवायला गेला. तिने त्याला न्हाऊ घातलं, ओवाळलं, पोटभर वाढलं. त्या दिवशी त्याने कुणालाही नेलं नाही. तीच भाऊबीज. यमाची वर्षातली एक रजा.

पोरांना ती गोष्ट फार आवडली नाही, त्यात कुत्रे नव्हते. काका दिव्यांकडे बघत बसले होते. मी यमाच्या मागे तीनदा गेलेली बाई, मला सवय होती. म्हटलं, "काही मागायचं राहिलंय माझं." काकांनी विझत आलेल्या एका दिव्याची वात पुढे सारली. दारातून काकू म्हणाल्या, "साडी मी कधीचीच घेऊन ठेवलीय. तिचा रंग जाईल अशाने."

भाऊबीजेला सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. धुतलेला पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. "चल गो."

बोरिवलीला उतरून आम्ही रिक्षाने धक्क्यावर गेलो. गोराईची खाडी ओलांडणाऱ्या बोटीत दिवाळीचे पाहुणे, मासळीच्या रिकाम्या पाट्या, दोन मोटरसायकली. काका कठड्याला धरून उभे होते. पलीकडचा किनारा जवळ आला तसं म्हणाले, "परत जाऊ या का?" मी म्हटलं, बोट आता तिकडेच जाणार. त्यावर ते जरासे हसले.

गावात फ्रान्सिसचं घर विचारलं. फ्रान्सिस चार वर्षांपूर्वी वारला होता. आणि बायको? विचारताना काकांनी माझा हात धरला होता. सांगणारा माणूस म्हणाला, "आहे की. ते क्रॉसच्या पुढचं घर. ओट्यावर असेल."

क्रॉसपाशी आल्यावर काका वळले. मला म्हणाले, "मागे फिर, बाई. इथून पुढची वाट तुझी नाही." आवाज यमाचाच होता, पण पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. मी क्रॉसजवळच थांबले. ते पुढे गेले, संथ, नेहमीच्या चालीने. ओट्यावर एक उंच, काळी म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती त्यांचीच बहीण, हे कुणी सांगायची गरज नव्हती. ते ओट्याच्या खाली उभे राहिले आणि त्यांनी चपला काढल्या.

तिने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वच्छ, कडक आवाजात म्हणाली, "माझ्या भावान माझ्या नावान आंघोळ केल्यान. मेल्या माणसाच्या दारात कशाक इलस?"

काका म्हणाले, "मेल्या माणसाच्या दारात यमाशिवाय कोण येतलो, सुलू?"

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला वाटलं आता ती उठून आत जाईल आणि दार लावेल. ती उठली, आत गेली. दार उघडंच होतं. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. तो तिने काकांच्या हातात दिला नाही. ओटा उतरून खाली आली आणि स्वतः वाकून त्यांच्या पायांवर ओतला. मग पदराने पाय पुसले, नीट, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मी पाठ फिरवली. पुढचं खरंच माझ्यासाठी नव्हतं.

परतीच्या बोटीत काकांच्या कपाळावर कुंकू होतं. तिच्याकडे निरांजन नव्हतं, तिने आल्तारावरच्या, येशूपुढच्या मेणबत्तीने ओवाळलं होतं. काय बोललात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जेवलो. तिसऱ्यांची आमटी केली होती, शिंपल्यांची." आणि पोट धरून बसले. इतकं ते कधी जेवले नव्हते.

पुढे दर भाऊबीजेला ते एकटेच जायचे. माझी गरज उरली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते गेल्या भाऊबीजेला. कॉलनीच्या फाटकातून पिशवी घेऊन बाहेर पडत होते. कुणीतरी ओरडलं, "यमकाका, कुठे?" न थांबता त्यांनी हात वर केला. "आज रजा!"

त्यानंतर थंडीतच ते गेले. सकाळी दक्षिणेच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. कप खाली ठेवला आणि मान टेकली. काकूंना वाटलं, डुलकी लागली. दुसरा फोन कुणाला करायचा हे त्या दिवशी कुणालाच सुचेना. तेव्हा तावडे आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, चपला काढल्या. चेहरा दगडासारखा करून म्हणाले, "नाव सांगा." काकूंनी सांगितलं. गाठी तावड्यांनीच बांधल्या आणि प्रत्येक गाठीत बोट घालून बघितलं, सैल आहे ना.

सुलूआत्या मुलाबरोबर पोचली तेव्हा निघायची वेळ झाली होती. ती रडली नाही. भावाच्या पायांना हात लावून उभी राहिली. खांद्याला एका बाजूला तावडे होते, दुसऱ्या बाजूला सुहास. माणसं काकांना घेऊन गेल्यावर घरच्या बायका एकेक करून आंघोळीला जायला लागल्या. सुलूआत्याही उठली. गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईने तिला अडवलं. "तू खंय चललंस? तुझो धर्म येगळो. तुका कसला सुतक?"

सुलूआत्या जागीच थांबली. मग तावडेवहिनी मैदान ओलांडून आपल्या घरी गेल्या आणि ती निळी बादली भरून घेऊन आल्या. न्हाणीघरात ठेवली, दार उघडून धरलं. "आत्या, या."

नेसत्या साडीनिशी ती आत गेली. डोक्यावरून ओतलेल्या पाण्याचा आवाज बाहेर येत राहिला. बादली संपेपर्यंत येत राहिला. मग ती बाहेर आली आणि निथळत्या केसांनी दक्षिणेच्या दारात, त्यांच्याच खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. मी तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. तिने तो काढून ठेवला.

बातमी उशिरा कळलेली माणसं येत होती. तिला ओळखत नव्हती, पण दारात तीच होती म्हणून तिलाच विचारत होती, कधी गेले? ती प्रत्येकाला एकच सांगत होती. "आज गेलो माझो भाव. आज गेलो."

मी तिचं कोपर धरून शेजारी बसले. ऊन अजून कंपाउंडच्या भिंतीवरच होतं. रात्र व्हायला बराच अवकाश होता.